शिवेपलीकडचा फ्रॉक

रोहणा, ता. आर्वी
२६ ऑगस्ट २०२५

सपनाताई,

पत्र बघून छातीला हात लावू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेला तो प्रफुलचा नवा फोन, आणि तोही विहिरीत. रिंग वाजली की गुंजनच्या डोक्यात काय होतं देव जाणे. कान दाबते, किंचाळते आणि हाताला लागेल ते फेकते. या वेळी हाताला फोनच लागला. आता घरात फोन ठेवायचाच नाही असं ठरवलंय. वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमही हेच म्हणाल्या होत्या, पोरगी ज्यानं भडकते ते आधी दूर करा. म्हणून आपण दोघी पुन्हा पत्रांवर आलो. तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर लागतं का ते बघू.

तू नेहमी विचारतेस, दिवस कसा जातो गं. असा जातो. उठल्याबरोबर आधी विळी लपवते, मग चहा ठेवते. वेणी घालायची तर प्रफुल तिचे हात धरतो आणि मी केस. गोळी शिऱ्यात लपवून द्यायची, तर हल्ली तिला शिऱ्याचाही संशय येतो. शाळेत पोचवून मी परत येत नाही, वडाखालीच बसते, कारण तासाभरात बोलावणं ठरलेलं. आठ वर्षांची पोर, पण रागात आली की मला आणि प्रफुलला मिळून आवरत नाही. आम्ही दोघं एका वेळी जेवायला बसलोय असं मला आठवतच नाही. घरात काच म्हणून नाही. आरसा माळ्यावर, कपबशा सासूबाईंच्या पेटीत. लग्नातल्या बांगड्या तिनं माझ्या मनगटावरच फोडल्या, तेव्हापासून स्टीलचं कडं घालते. डाव्या हातावर तिच्या दातांची रांग उठलेली असते आणि मधे फट, कारण वरचा एक दात पडलाय ना. विहिरीवर बाया बघतात आणि नजर वळवतात.

मॅडमनी एकदा विचारलं, तिचं नाव तुम्ही ओरडण्याशिवाय कधी घेता?

आता मुद्द्याचं सांगते. शनिवारी मारबत झाली. पोळ्याला दाराशी उभ्या केलेल्या पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि खोकला घेऊन जा गे मारबत, खरूज घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडायचं, हे तुला काय सांगायचं. पण यंदा सासूबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी फांद्या सुतळीनं बांधून हातपायवाली बाई केली आणि तिच्या अंगात गुंजनचा पिवळा फ्रॉक चढवला. तोच, बाहीला फाटलेला, तिनंच रागात फाडलेला. नाल्यापलीकडे नेऊन ठेवला आणि ओरडल्या, "गुंजनचा राग घेऊन जा गे मारबत! गुंजनचं चावणं घेऊन जा! गुंजनचा कल्ला घेऊन जा!" आम्ही सगळे मागून, "घेऊन जा, घेऊन जा!" ताई, मीसुद्धा घसा फुटेस्तोवर ओरडले. फार बरं वाटलं.

मग रिवाजाप्रमाणे मागं न बघता घरी आलो. गुंजन प्रफुलच्या खांद्यावर होती. तिनं मात्र मागंच बघितलं, नाला दिसेनासा होईपर्यंत.

आणि तेव्हापासून पोर शांत आहे. चावली नाही, फेकलं नाही, किंचाळली नाही. वेणी घालताना पाटावर मूर्तीसारखी बसली. मी तुला हे लिहितेय ते दुपारी, खाटेवर बसून, हातात चहाचा कप घेऊन. काचेचा! कोणाची दृष्ट लागू नये म्हणून जास्त लिहीत नाही.

कैलासभाऊजींच्या दुकानातून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या पाठवशील?

तुझी
मयुरी


समुद्रपूर
३ सप्टेंबर २०२५

प्रिय मयुरी,

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर रडले. ह्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "बातमी चांगली हाय, बाई अशीच हाय." वरून त्याला पेढाही दिला. बांगड्या सोबत आहेत, तुझ्या मापाच्या. हात बारीक झाला असेल तर दोन जास्त घाल.

तुझ्या सासूबाईंना माझा दंडवत सांग. मला आधी ठाऊक असतं तर आमच्याकडच्याही दोनचार गोष्टी त्यांच्या यादीत घातल्या असत्या. सुरुवात ह्यांच्या घोरण्यापासून.

खरं सांगू? मला वाटतं गोळ्या आता कुठं लागू पडल्या आणि नाव मारबतीचं झालं. होऊ दे. पोरगी सुधारली, कोणाच्या का नावानं होईना. महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती पंगतीत बसली का? मागच्या वर्षीची पंगत मी विसरलेले नाही, कढीचा डाग अजून माझ्या पैठणीवर आहे. यंदा तिचा पंगतीतला फोटो काढलास का? अरे हो, फोन नाही. मग डोळ्यांत साठवला असशील.

आता तरी दुपारची झोप घे. किती वर्षांनी तुझं अक्षर सरळ आलंय.

तुझी ताई
सपना


रोहणा
१३ सप्टेंबर २०२५

ताई,

बांगड्या पोचल्या. घातल्या. भाकरी थापताना वाजतात, तर प्रत्येक वेळी मीच दचकते.

महालक्ष्म्यांच्या पंगतीत बसली. सोळा भाज्या निमूट खाल्ल्या. बाया म्हणाल्या, "काय गुणाची पोर हाय वो!" मी हसले. मग सासूबाईंनी हाक मारली, "गुंजन, अजून कढी घे." तिनं मान वर केली नाही. पुन्हा मारली. तेव्हा पोरगी अगदी आदबीनं म्हणाली, "आजी, गुंजन नाई हाय घरी."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण हातातलं वाढणं थांबलं.

तेव्हापासून नावाला ओ देत नाही. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी आता गोड बोलून नाव घेते, चांगलं केलंस गुंजन, किती छान बसलीस गुंजन. ती माझ्याकडे बघते, जसं पाहुणी बघते. चुकीचं घर सांगितलं तर कसं बघतात, तसं. एकदा विचारलं, बाई, मग तू कोण? म्हणाली, "मी राह्यली तेवढी."

ताई, वर मी चुकीचं लिहिलं, मी एकदा नाही, रोज विचारते. रोज हेच उत्तर.

तिच्या पायात बाभळीचा काटा गेला होता. पूर्वी साधं नख कापलं तरी गल्ली गोळा व्हायची. या वेळी लंगडतही नव्हती. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन सांगितलं, "ह्या पायात काटा हाय." ह्या पायात. जसा पाय दुसऱ्या कोणाचा आहे. मी काटा काढला, रक्त आलं, ती खिडकीतून नाल्याकडे बघत राहिली.

रोज अर्धी भाकर उरवते आणि मागच्या भिंतीवर ठेवते. विचारलं तर म्हणते, "तिले भूक लागते." सकाळी भाकर नसते. कावळे असतात, मुंगूस असतं, मला माहीत आहे. भुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या पोरींनी तिला पहिल्यांदाच बोलावलं. हात मांडीवर ठेवून बसली, आणि खिरापत वाटली तेव्हा ओंजळ दोनदा पुढं केली. आधी एकीची, मग दुसरीची.

आणि वांग्यांचं. मामंजी नाल्याकडच्या वांग्यात तोडा करायला गेले होते. झाडं उपटलेली, सरीत उभी-आडवी फेकलेली, अगदी गुंजन फेकायची तशी. दोनतीन कच्ची वांगी चावलेली. प्रफुल म्हणाला, "माकडं असन." मामंजी म्हणाले, "माकड चावते, फेकते. उपटते काऊन?" मग त्यांनी एक वांगं गुपचूप माझ्या हातात दिलं. बारीक दातांची रांग होती, ताई. मधे फट.

गुंजन त्या दिवशी माझ्या नजरेसमोरून हललेली नाही. शिवाय तिचा तो दात आता आलाय. महालक्ष्म्यांच्या आसपास पांढरं टोक दिसलं होतं, आता पुरता उतरलाय. मी वांगं गाईला टाकलं. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

एक गोष्ट तुलाच सांगते, प्रफुललाही नाही. मला ही शांत पोर हवीशी वाटते. दुपारी झोप लागते. आरसा खाली काढलाय, त्यात माझं तोंड बरं दिसतं. आणि हे वाटतं म्हणून मला माझीच भीती वाटते. मी आई आहे ना तिची? मग जी गेली तिची आठवण मला दिवसभर का येत नाही?

मॅडमकडे नेलं नाही. काय सांगू, की पोरगी चावत नाही म्हणून आणली?

मयुरी


समुद्रपूर
१९ सप्टेंबर २०२५

मयुरे,

किती वर्षं तू झोपली नाहीस, आता झोपायला लागलीस तर डोकं खेळ करतंय. वांगी माकडांनीच खाल्ली. माकडालाही फट असू शकते, त्याच्याकडे कोण दातांचा डॉक्टर बसलाय! पोरगी हुशार आहे, नाटक करते. पूर्वी ओरडून लक्ष वेधायची, आता गप्प राहून. तू घाबरतेस ते तिला कळतं.

तुला पोर हवीशी वाटते यात पाप कसलं? आराम सगळ्यांनाच हवा असतो.

नवरात्रात मी स्वतः येते. बघतेच तुझी पाहुणी. तोवर वेडेपणा करू नकोस.

सपना


समुद्रपूर
२९ सप्टेंबर २०२५

मयुरी,

निघताना तुझ्या गळ्यात पडून मी हसत होते, ते सासरच्यांसमोर. आता नीट लिहिते.

माझी गुंजन मावशीला बघून काय करायची? पिशवी ओढायची, खाऊ नाही निघाला तर पोटात डोकं मारायची. मी ते डोकं सहन करायला पदर खोचूनच तुझ्या दारात आले होते. आणि ती पोर पुढं आली, वाकून नमस्कार केला आणि मला पाणी आणून दिलं. पेल्याखाली ताटली धरून. मी पेला तसाच खाली ठेवला. ती काही नाटक करत नाही गं. मी मागच्या पत्रात भलतंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तू शेतात गेली होतीस तेव्हा मी तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, गुंजनले काही निरोप सांगायचा आहे, सांगशील? तर लगेच बोलली, तुझ्याशी बोलत नाही इतकं. म्हणाली, "ती नाल्यापाशीच हाय, मावशी. तिले घरी यायचं हाय. पण सगळे म्हनले ना, घेऊन जा. आई बी म्हनली. आता कोनी ये म्हनत नाई." मग म्हणाली, "तिले थंडी वाजून राह्यली. मीच जाऊ काय तिच्याकडं?"

मी म्हटलं, नको, कुठंच जायचं नाही. तिनं मान हलवली. पण ती मान "नाही जात" होती की "जाईनच" होती, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि एक. येताना पुलगावकडून येणाऱ्या एसटीतून मला तो फ्रॉक दिसला होता. नाल्याच्या पलीकडे, पळसाच्या झुडपात, पिवळा. कंडक्टरला दाखवलाही. जाताना मुद्दाम खिडकीशी बसले. तो नाल्याच्या अलीकडे होता, तुमच्या वांग्याच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, उभा. पोरांनी आणला असेल, पुरात वाहत आला असेल. मी सगळं म्हणून बघितलं. पण फाटक्या बाहीचा तो हात गावाकडे होता, मयुरी.

वर्ध्याला उतरून मॅडमकडे गेले. वांग्यांचं आणि फ्रॉकचं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, राग असा एकदम जात नसतो, पोर आत दडून बसलीय. घराला मी नको, माझ्या रागाशिवायची मी हवी, असं तिला कळलंय. हे ओरडण्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. लगेच घेऊन या, आणि तोवर तिला एकटं सोडू नका. आणि म्हणाल्या, तिला परत बोलवा, जशी आहे तशी. कसं बोलवायचं ते त्यांनी काही सांगितलं नाही. ते बहुतेक तुलाच ठाऊक असेल.

तिला एकटं सोडू नकोस. नाल्याला अजून पाणी आहे.

तुझी ताई


रोहणा
९ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझं पत्र दसऱ्याच्या आधीच मिळालं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी धीर नव्हता आणि मग हात.

पत्र वाचून मी सासूबाईंना म्हटलं, फ्रॉक परत आणते. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "शिवेबाहेर टाकलेलं घरात आनते काय? गावाची इडापिडा हाय त्यात. साऱ्यायचा खोकला, सारे रोग. आन पोरीचा राग बी! सुखानं खाऊन राह्यलो तर तुले बघवत नाई काय?" खरं सांगायचं तर मला तेवढंच कारण हवं होतं. मी परत चुलीशी जाऊन बसले. त्या दिवशी पुन्हा छान झोपही लागली. लाज वाटते लिहायला, पण लागली.

दसरा गेला. कोजागरीला भुलाबाईची बोळवण होती. पोरी मूर्ती घेऊन नाल्यावर जाणार म्हणून मी गुंजनला नवे कपडे घातले आणि दिवेलागणीला अवकाश आहे म्हणून भाकरी टाकायला बसले. वर बघते तर पोर नाही. भरदुपार. मी तशीच पिठाच्या हातानं धावले.

नाल्यात होती. गुडघ्याच्या वर पाणी, आणि ती हळूहळू पलीकडे नाही, धारेच्या बाजूला सरकत होती, जसं कोणी हात धरून नेतंय. अलीकडच्याच काठावर, आपल्या धुऱ्याला टेकून, तो फ्रॉक उभा होता. वारा नव्हता.

मी हाक मारली, "गुंजन!" तिनं मागं बघितलं नाही. ती कशी बघेल? तिच्या मते मी तिला हाक मारलीच नव्हती.

तेव्हा मला कळलं, ताई, हाक कोणाला मारायची. मी पाण्यात उतरले, पोरीला कमरेत धरलं, आणि फ्रॉककडे तोंड करून ओरडले. मारबतीला ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं. "गुंजन, घरी चाल! तुझा राग घेऊन चाल! तुझं चावणं घेऊन चाल! तुझा कल्ला घेऊन चाल! आई न्यायला आली तुले!" वांग्यात मामंजी तोडा करत होते. ते उठून उभे राहिले, आणि काय वाटलं त्यांना कोण जाणे, टोपी काढून तेही ओरडले, "ये बापा, ये घरी!"

फ्रॉक काढला. पळसाच्या काड्या गळून पडल्या, हलक्या, वाळलेल्या. एवढ्या हलक्या काड्या कशा उभ्या होत्या, मला कळलं नाही. फ्रॉक मात्र ओला नव्हता. गरम होता, अंगातून काढल्यासारखा.

एका हातात पोर, खांद्यावर फ्रॉक, अशी मी गावाकडे निघाले. मागं बघितलं नाही. मारबत टाकून येताना बघत नाहीत तो रिवाज वेगळा. मी बघितलं नाही, कारण मागून पावलं येत होती. अनवाणी, मधेच धावती, मधेच रुसून थांबणारी. ती थांबली की मी थांबायचे आणि म्हणायचे, चाल गं, घर आलं. मग पुन्हा यायची. पोर माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

दारात सासूबाई. मला वाटलं, आता वाद होणार. त्यांनी माझ्या खांद्यावरचा फ्रॉक बघितला, माझे ओले पाय बघितले आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. पोरीवरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं. मग पुन्हा आत गेल्या, दुसरा तुकडा आणला आणि पोरीच्या मागच्या मोकळ्या जागेवरून ओवाळला. हात बराच खालून फिरवला, पोरीच्या उंचीचा. म्हणाल्या, "ये माय. चुकलं आमचं."

त्या दिवशी काही झालं नाही. भुलाबाई बोळवली, दूध प्यायलो, पोर गप्पच. मी फ्रॉक धुतला, बाही शिवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रॉक तिच्या अंगात घालायला लागले. थोडा आखूड झालाय. डोकं आत गेलं, आणि आतून बराच वेळ बाहेर आलंच नाही. पिवळ्या कापडात नुसता श्वास. मग डोकं बाहेर आलं आणि तिनं जी किंकाळी फोडली, ताई, बैल दावं तोडून पळाले. आरसा फुटला. कप फुटला. मी तिला कवेत घेतलं तर डाव्या हाताला कडकडून चावली. तुझ्या बांगड्या एकूण एक फुटल्या. मी रडत होते, हसत होते आणि म्हणत होते, हो गं गुंजन, हो गं गुंजन. बऱ्याच वेळानं ती दमली आणि माझ्या पोटाशी डोकं खुपसून म्हणाली, "काऊन टाकलं मले?" मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "पाय दुखते." काटा लागला होता त्या पायाबद्दल. मग त्या काट्यासाठी रडली, इतक्या दिवसांनी.

प्रफुल शेतातून धावत आला. दारात उभा राहून फुटका आरसा बघितला, माझा हात बघितला. एवढंच विचारलं, "आली काय?" आणि उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडला.

मंगळवारपासून सगळं पूर्वीसारखं आहे. विळी लपवलीय. वेणीला प्रफुल हात धरतो. उद्या मॅडमकडे नेतोय, गोळ्या पुन्हा नीट बघणार आहेत, आणि मलाही काही शिकायचंय. सासूबाई आता तिचं नाव उगाचच घेत असतात. गुंजन, बघ चिमणी. गुंजन, बघ गाय.

एकच सांगायचं राहिलं. रात्री हळद लावताना मी हातावरची ताजी खूण बघितली. दातांची रांग आणि मधे फट. गुंजन झोपली होती. मी तिचा ओठ हळूच वर केला. तो दात जागेवर आहे, पुरता, पांढरा.

मी कोणाला दाखवलं नाही. तूही विचारू नकोस. मी बोलावलं आणि जी आली, ती माझी आहे.

बांगड्या आता पाठवू नकोस. जमलं तर भाऊजींच्या दुकानातून जाडसर स्टीलचं कडं पाठव, जुनं दातांनी चेपलंय.

तुझी
मयुरी